कॅनकॅन शिकायचा तर आधी घेर सांभाळा

कॅनकॅन हा घेरदार स्कर्ट उडवत, उंच किक मारत करायचा फ्रेंच नाच पॅरिसच्या मूलाँ रूज या रंगमहालात गाजला, पण जन्मला त्याच्या बराच आधी. १८३०च्या दशकात पॅरिसच्या नाचघरांत क्वाड्रिल या जोडीजोडीने करायच्या नाचाच्या शेवटच्या फेरीत लोक मनाला येईल तसे पाय उडवू लागले, तिथून तो निघाला. ६ ऑक्टोबर १८८९ला ओलेर आणि झिडलर या व्यावसायिकांनी मोंमार्त्र टेकडीच्या पायथ्याशी मूलाँ रूज उघडलं. तिथली तारका लुईझ वेबर, म्हणजेच ‘ला गुलू’. चित्रकार तुलूझ-लोत्रेकच्या १८९१च्या पोस्टरवर तिच्या पांढऱ्या परकराचा घेर सगळ्यात उजळ दिसतो. या नाचाचा प्राण तिथेच आहे.

म्हणून पहिले काही दिवस पाय उडवू नका. घेरदार, झालरींचा स्कर्ट घाला, दोन्ही हातांनी काठाजवळ धरा आणि मनगटातून डावीकडे-उजवीकडे हलवा. खांदे हलले तर हात लवकर भरून येतात आणि झालर फुलत नाही.

मग ‘राँ द जांब’. गुडघा कमरेइतका वर घ्या, मांडी स्थिर ठेवा आणि फक्त गुडघ्याखालचा पाय गोल फिरवा. मांडीही फिरायला लागली की कंबर डोलते आणि तोल जातो. अशा वेळी गुडघा थोडा खाली घ्या, पण मांडी हलू देऊ नका.

उंच किक चार मात्रांत बसवा: एकला उडी मारून गुडघा वर, दोनला पाय खाली, तीनला उडीबरोबर सरळ पाय वर, चारला खाली. उडीनंतर आधी चवडा टेकतो, मग टाच, आणि गुडघा किंचित वाकतो. ताठ गुडघ्याने उतरलात तर नडगी दुखणारच. उंची वाढवायच्या नादात पाठीला पोक काढू नका. छातीइतकी ताठ किक डोक्याइतक्या वाकड्या किकपेक्षा कितीतरी देखणी दिसते.

कॅनकॅनची ओळख बनलेली धून, म्हणजे संगीतकार ऑफेनबाखचा १८५८चा प्रसिद्ध गॅलप, दोन मात्रांच्या ठेक्यात पळतो. सराव त्याच्या निम्म्या वेगाने करा. दम लागला की सगळ्यात आधी हात खाली येतात, आणि घेर पडतो.

पाय हाताने डोक्याशी धरून गिरकी घेणं, कार्टव्हील (हातांवर चाकासारखी बाजूला कोलांटी), हे त्यानंतर. उडी मारून थेट स्प्लिटमध्ये, म्हणजे एक पाय पुढे आणि एक मागे पूर्ण ताणून जमिनीवर, उतरणं, ‘ग्राँ एकार’, सगळ्यात शेवटी. अंग तापवल्यावर जमिनीवर हळूहळू घेतलेला स्प्लिट दोन्ही बाजूंनी पूर्ण टेकत नसेल, तर ही उडी मारायचीच नाही. मांडीमागचा स्नायू फाटला तर कित्येक आठवडे नाच बंद.