नव्याच्या सणाचा चिकाचा हलवा

ज्यांच्या घरी उन्हाळ्यात कुरडया होतात, त्यांना आमचा हलवा निम्मा येतोच. गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा. इथपर्यंत दोघांची वाट एकच. पुढे तुमचा चीक मीठ घालून शिजतो आणि सोऱ्यातून उन्हात जातो. आमच्या चिकात नारळाचं दूध आणि साखर पडते, आणि तो शिजून परातीत ओतला जातो.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. माझं माहेर अलिबागजवळचं, सासर ठाण्याचं. रोश हशाना हे आमचं नवं वर्ष. आजी मात्र हे नाव कधी घ्यायची नाही, ती ‘नव्याचा सण’ म्हणायची. किप्पूरला, म्हणजे उपवासाच्या आणि प्रायश्चित्ताच्या दिवसाला, ‘दारफाळणीचा सण’ आणि पुरीमला सरळ ‘होळीचा सण’. कोकणात आमच्या लोकांकडे हिब्रू फारशी उरली नव्हती, सण मात्र एकेक करून जपले होते आणि त्यांना नावं दिली ती मराठी. मला ही नावं फार प्रिय आहेत, म्हणून इथेही तीच वापरते.

नव्याचा सण अमावास्येच्या पुढच्या चंद्राला लागतो. त्यामुळे कधी तो घटस्थापनेच्या दिवशीच येतो (2025 साली तसा आला होता), तर कधी गणपतीच्या जरा आधी. म्हणजे दिवस पावसाचे. हलव्याच्या बाबतीत हे पहिलं लक्षात ठेवायचं, कारण कुरडया कडक उन्हाच्या दिवसांत होतात आणि हा हलवा ओल्या हवेत. ओल्या हवेत भिजलेले गहू बघता बघता आंबतात. एका वर्षी घरात आजारपण होतं, पाणी बदलायचं राहून गेलं, आणि तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर आंबूस वास. साखर घातली की वास जाईल असं वाटून मी तो चीक शिजवला. वास गेला नाही. चार नारळांचं दूध वाया गेलं याचं मला आजही वाईट वाटतं. चीक आंबला असेल तर शिजवू नका, तिथेच टाकून द्या.

आता दिवस मोजू. आमचा सण सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून हलवा त्याच दिवशी दुपारी तयार हवा. सण सोमवारी संध्याकाळी लागणार असेल तर गहू गुरुवारी रात्री भिजत घालायचे, रविवारी दुपारी वाटायचे, रात्रभर चीक निवळू द्यायचा आणि सोमवारी सकाळी शिजवायला घ्यायचा. मध्ये शब्बाथ येतो, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा आमचा विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधी मी पाणी बदलून पातेलं फ्रीजमध्ये ठेवते, आणि शनिवारी रात्री शब्बाथ संपल्यावर पुन्हा बदलते. बाकीच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाणी बदला. रोज एकदा पुरतं असं उन्हाळ्यातल्या कुरडयांवरून समजू नका.

अर्धा किलो गहू घ्या. लोकवन चालतो. तीन दिवसांनी दाणा बोटांत दाबला की आतून पांढरं दूध बाहेर यावं. तसं झालं की गहू झाले. भरपूर पाणी घालून मिक्सरमध्ये थोडे थोडे वाटा, पण फार वेळ फिरवू नका. सालं बारीक झाली की ती चिकात उतरतात आणि हलवा करडा दिसतो. वाटलेलं आधी मोठ्या चाळणीतून काढा, मग जुन्या धुतलेल्या पंच्यातून गाळा. चाळणीत जो चोथा राहतो तो चिवट, रबरासारखा लागतो. त्यात पुन्हा पाणी घालून हाताने चोळा आणि गाळा, असं तीन वेळा. तिसऱ्या वेळेचं पाणी जवळजवळ स्वच्छ आलं की चोथा रिकामा झाला. माझ्या आईने तो कधी फेकला नाही, नारळाच्या आळ्यात घालायची.

गाळलेलं पाणी उंच पातेल्यात झाकून ठेवा आणि रात्री हलवू नका. सकाळी वर पिवळट पाणी आणि खाली घट्ट पांढरा थर दिसेल. वरचं पाणी एका धारेत, हळूच ओता. शेवटी थोडा चीक गेला तरी चालेल, पाणी राहता कामा नये. अर्धा किलो गव्हाला साधारण दोन वाट्या घट्ट चीक निघतो. माझी वाटी दोनशे मिलिलिटरची आहे.

आता नारळ. या हलव्यात दूध, खवा, तूप काहीच नाही, आणि त्याचं कारण धर्मात आहे. मांस आणि दूध एका जेवणात खायचं नाही, हा आमचा फार जुना नियम. सणाला मटण होणारच. मग गोडात गाईचं दूध कसं घालणार? कोकणात आमच्या पूर्वजांना दारातच उत्तर मिळालं. बेने इस्राएल तेलाच्या घाण्यावर काम करायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. तेल घरचं, नारळ दारचा. आमची बरीच गोडं या नियमामुळे नारळाच्या दुधावर, आमच्या बोलीत नारळाच्या ‘रसा’वर, उभी राहिली. म्हणून मी सांगते, या हलव्यात वरून साजूक तूप सोडू नका. चांगलं लागेल, पण मग तो मटणाच्या ताटानंतरचा हलवा राहणार नाही.

चार ताजे, जड नारळ घ्या. कानाशी हलवून पाणी भरपूर वाजतंय ना, पाहा. खोबरं खवताना तपकिरी भाग येऊ देऊ नका, नाहीतर रंग मळतो. खवलेल्या खोबऱ्यात अगदी थोडं कोमट पाणी घालून वाटा आणि पंच्यातून पिळा. हा पहिला, घट्ट रस, तीन वाट्या झाला पाहिजे. त्याच खोबऱ्यातून दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मिळून पाच वाट्या पातळ रस काढा. दोन्ही वेगवेगळे ठेवा. हे वेगळं ठेवणं मी आईकडून शिकले. सगळा रस एकदम घातला तर चीक शिजायच्या आधीच रस फाटून तेल सुटतं आणि हलवा मऊ होण्याऐवजी तेलकट होतो.

जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या. विस्तव न लावता त्यात चीक, पातळ रस, तीन वाट्या साखर आणि चिमूटभर मीठ घालून हाताने ढवळा, म्हणजे तळाशी बसलेला चीक नीट सुटेल. मग मंद आचेवर ठेवा आणि लाकडी उलथण्याने ढवळायला लागा. पहिली दहा मिनिटं काही होत नाही, आणि नेमकं तेव्हाच माणूस बाजूला होतो. मग एकदम तळाकडून गाठी धरायला लागतात. हात थांबवू नका. गाठी झाल्याच तर पातेलं खाली उतरवून चांगलं घोटा आणि पुन्हा चढवा.

वीस-पंचवीस मिनिटांनी पांढरं मिश्रण काचेसारखं, जरा पारदर्शक दिसायला लागतं. चीक शिजल्याची ही खूण. आता घट्ट रस घाला आणि हवा असल्यास चमचाभर रसात विरघळवलेला खायचा गुलाबी रंग. आमच्याकडे एक परात गुलाबी आणि एक पांढरी असते. माझ्या मते पांढऱ्याचीच चव आधी जिभेला कळते, पण मुलांना गुलाबीच लागतो.

यापुढे अजून अर्धा तास तरी लागतो. इथे घरात दोन माणसं लागतात, एक दमलं की दुसऱ्याने उलथणं हातात घ्यायचं. माझ्या माहेरी दुपारी वडीलही ढवळायला उभे राहायचे. मिश्रण पातेल्याच्या कडा सोडायला लागलं, उलथण्यामागे एका गोळ्यात फिरायला लागलं आणि कडेला खोबरेल चकाकलं, की थेंबभर थंड बशीवर टाका. दोन मिनिटांनी बोटाने उचलला गेला आणि बोटाला चिकटला नाही, तर झालं. चिकटला तर अजून पाच मिनिटं. इथे घाई केली की हलवा वड्या न होता लापशीसारखा बसतो. मग तो वाटीत घालून चमच्याने खायचा. चव चांगलीच असते, फक्त ताटात मांडता येत नाही.

उतरवून दोन चमचे वेलची-जायफळाची पूड घाला. परातीला आधीच खोबरेल तेलाचा हात फिरवून ठेवा आणि गरम हलवा अर्धा इंच जाडीचा ओतून पसरवा. वर बदाम-पिस्त्याचे पातळ काप आणि चारोळी गरम असतानाच दाबा, गार झाल्यावर ते धरत नाहीत. चार तास तसाच सोडा. मग सुरीला तेल लावून शंकरपाळ्यासारखे काप पाडा. बाहेर एक दिवस, फ्रीजमध्ये चार दिवस टिकतो. ओल्या नारळाचा आहे, त्याहून जास्त ठेवू नका.

माझी धाकटी बहीण इस्राएलमध्ये, दिमोनाला असते. तिला इतका वेळ मिळत नाही, म्हणून ती एक वाटी कॉर्नफ्लॉवर, दहा ग्रॅम चायना ग्रास आणि डब्यातल्या नारळाच्या दुधाचे चार चारशे मिलिलिटरचे डबे घेते, साखर दोन वाट्या. चायना ग्रास आधी वेगळ्या पाण्यात पूर्ण विरघळवून गाळून घालायचं. पाऊण तासात होतो, काप स्वच्छ पडतात. पण चायना ग्रासच्या हलव्याला दातांखाली तटकन तुटायची सवय असते. गव्हाच्या चिकाचा हलवा हळू, ओढत सुटतो. ज्याने एकदा तो खाल्ला त्याला फरक सांगावा लागत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने कॉर्नफ्लॉवरने हात बसवावा, आणि पुढच्या वर्षी गहू भिजवावेत.

नव्याच्या सणाच्या रात्री सफरचंद-मध, खजूर, डाळिंब यांच्यावर आशीर्वाद म्हणून मग जेवण होतं आणि शेवटी हलवा. त्यानंतर येतो खिरीचा सण, त्याला नव्या तांदळाची खीर, नारळाचा रस आणि गूळ घालून. रस घातल्यावर खिरीला उकळी येऊ द्यायची नाही, एवढीच तिची मेख.

किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथला आणि सणाला पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादासाठी, द्राक्षारस मिळाला नाही तर काळ्या मनुकांचं सरबत करतात. पाव किलो मनुका चार वाट्या पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी हाताने कुस्करायच्या आणि फडक्यातून गाळायच्या. साखर लागत नाही. आमच्या घरी शब्बाथला वर्षानुवर्षं हेच होतं.

होळीच्या सणाला, म्हणजे पुरीमला, पुरणपोळी. पुरीम बहुतेक वर्षी फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमाराला येतो, त्यामुळे आमच्या चाळीत सगळ्यांच्या घरून एकच वास यायचा. पुरणपोळी कशी करायची हे कुणाला सांगायची गरज नाही. आमच्या घरी जेवणात मांस असेल तर पोळी तुपाशी न खाता गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसाशी खातात. एकदा करून पाहा.

मलीदा मात्र सांगायलाच हवा, कारण तो गोडही आहे आणि प्रार्थनाही. एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने आम्ही तो करतो. लग्नाआधी, नवीन घर घेतल्यावर, नवस फेडताना, कुणी बरं होऊन घरी आल्यावर. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, त्यावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत असं आमच्यात मानतात. ‘तू बिश्वात’ या झाडांच्या नव्या वर्षाच्या सणाला तिथे आमचे लोक जमतात आणि मलीदा होतो.

दोन वाट्या जाडे पोहे धुऊन चाळणीत निथळत ठेवा. पाण्यात बुडवून ठेवू नका, लगदा होतो. पंधरा मिनिटांनी हाताने मोकळे करा. एक वाटी ओलं खोबरं, पाऊण वाटी साखर, वेलची, जायफळ, काजू, बदामाचे काप, मनुका. साखरेने पोह्यांना थोडं पाणी सुटतं, म्हणून साखर प्रार्थनेच्या अर्धा तास आधी घालायची. ताटात पोह्यांचा ढीग, भोवती पाच प्रकारची फळं, वर गुलाबाचं फूल. प्रत्येक वस्तूचा आशीर्वाद वेगळा आहे. खजूर आणि सफरचंद हे झाडाचं फळ. केळ्यावर मात्र जमिनीच्या फळाचा आशीर्वाद म्हणतात, कारण केळ हे झाड मानत नाहीत, त्याला दरवर्षी नवा कोंब येतो. पोह्यांचा आणखी वेगळा, आणि गुलाबाचा सुवासासाठीचा. म्हणून ताट लावताना फळं एकमेकांत मिसळू नका, प्रार्थना म्हणणाऱ्याला प्रत्येक फळ वेगळं उचलता आलं पाहिजे.

प्रार्थना झाली की प्रत्येकाच्या हातावर थोडे पोहे, एक खजूर, केळ्याची एक फोड. शेजाऱ्यांकडे ताटली जाते ती झाकून, गुलाबाची एक पाकळी वर ठेवून. मलीदा दुसऱ्या दिवसासाठी ठेवत नाहीत, म्हणून माणसं मोजून पोहे भिजवा. दोन वाट्यांत आठ जणांना पुरतो.