परदेशातल्या रेल्वेत भाषा अडत नाही, लोकलची सवय अडते : या चुका टाळा

ठाणे-वाशीकडून हल्ली बरीच कुटुंबं टूर कंपनीशिवाय, स्वतः तिकिटं काढून युरोपला जातात. जर्मन येत नाही, इटालियन येत नाही, याची धास्ती असते. पण तिथे लागेल ते बहुतेक सगळं कुठे ना कुठे लिहिलेलं असतं, ते वाचलं की काम होतं. घोटाळा होतो तो अंगात मुरलेल्या सवयीमुळे: गाडी दिसली की चढायचं आणि मग आत विचारायचं, "ही फास्ट ना?"

सगळ्यात जास्त मनस्ताप देणारी चूक म्हणजे गाडी बरोबर, पण डबा चुकीचा. काही गाड्या वाटेत दुभागतात. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउ शिखराकडे जाणाऱ्यांना हे हमखास भेटतं: इंटरलाकेन ओस्टहून सुटलेल्या गाडीचे त्स्वाइल्युशिनेनला दोन भाग होतात, एक लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. जर्मनीत बर्लिनहून येणाऱ्या काही आयसीई, म्हणजे वेगवान गाड्या, हाम स्टेशनवर अशाच फुटतात. घोषणा होते, पण ती कळली नाही तर हॉटेल एका दरीत आणि तुम्ही दुसऱ्या. म्हणून चढण्याआधी डब्यावरच्या पाटीवर शेवटचं स्टेशन वाचा. प्लॅटफॉर्मवर ए, बी, सी असे भाग लिहिलेले असतात, आपला डबा कुठल्या भागासमोर येणार ते इंडिकेटरवर दिसतं. गाडी आल्यावर धावण्यापेक्षा दहा मिनिटं आधी तिथे उभं राहा. चुकीच्या भागात बसल्याचं आत लक्षात आलं तर गाडी फुटायच्या आधीच्या थांब्यावर उतरून पुढच्या किंवा मागच्या भागात जा. दोन भागांमधून आतून जाता येईलच, असं धरून चालू नका.

इंडिकेटरवर गाडीचं शेवटचं स्टेशन ठळक असतं, तुमचं असेलच असं नाही. म्हणून गावाचं नाव शोधत बसू नका. गाडीचा नंबर आणि सुटायची वेळ जुळवा. नावंही स्थानिक असतात: फ्लॉरेन्स म्हणजे फिरेन्झे, व्हिएन्ना म्हणजे वीन, प्राग म्हणजे प्राहा. व्हेनिसला तर दोन मोठी स्टेशनं आहेत. मेस्त्रे मुख्य भूमीवर, सांता लुचिया कालव्यांच्या शहरात. पॅरिसचं 'गार द लियाँ' पॅरिसमध्येच आहे. लियाँ शहर तिथून दोन तासांवर.

इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. त्या तिकिटावर ठरावीक गाडी नसते, शिक्क्याने त्याची मुदत सुरू होते. विसरलात तर पैसे भरलेले असूनही दंड होतो. मोबाइलवरच्या प्रादेशिक तिकिटाला शिक्क्याऐवजी चढण्याआधी चेक-इन करायचं असतं. मशीन बंद असेल तर तारीख, वेळ, स्टेशन पेनने तिकिटावर लिहा आणि गाडीत स्वतः कंडक्टरला गाठा, तो येण्याची वाट बघू नका. फ्रेच्चारोसासारख्या आरक्षित गाड्यांना शिक्का लागत नाही.

युरेल पास, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेचा एकच पास, घेतला म्हणजे सीट मिळाली, हा समज अनेकांना महागात पडतो. फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीला आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना वेगळं आरक्षण आणि वेगळे पैसे लागतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडच्या बहुतेक गाड्यांना ते सक्तीचं नाही. पास ॲपमध्ये सुरू करून त्या दिवसाची गाडी जोडल्याशिवाय चढू नका.

वेळेवर पोहोचणं म्हणजे सुटायच्या मिनिटाला दारात असणं नव्हे. टीजीव्हीची दारं दोन मिनिटं आधी बंद होतात आणि चालत्या गाडीत चढणं हा प्रकार नाही. उतरताना उलटी अडचण: बऱ्याच गाड्यांत दाराचं बटण दाबल्याशिवाय दार उघडत नाही. स्टेशन आलं की नुसते उभे राहू नका, बटण दाबा.

घोषणांमधला एकच शब्द पाठ करा, प्लॅटफॉर्मचा: जर्मनीत 'ग्लाइस', इटलीत 'बिनारियो', फ्रान्समध्ये 'व्वा'. तो ऐकू आला किंवा आजूबाजूचे लोक एकदम बॅगा उचलून निघाले की लगेच इंडिकेटर बघा, प्लॅटफॉर्म बदललेला असू शकतो. भाषांतराच्या ॲपमध्ये त्या देशाची भाषा घरच्या वायफायवरच उतरवून ठेवा, म्हणजे नेट नसतानाही कॅमेऱ्याने पाटी वाचता येईल. विचारायचंच झालं तर "ही गाडी म्युनिक?" असं विचारू नका. न समजताही माणूस मान डोलावतो. गाडीचा नंबर, वेळ आणि स्टेशन कागदावर लिहून दाखवा, समोरचा बोटाने दाखवून देईल.

हमाल मिळेल हे गृहीत धरू नका. निघण्याआधी भरलेल्या बॅगा घेऊन ठाणे स्टेशनच्या पुलाचे जिने एकदा चढून बघा. एका दमात जमलं नाही तर सामान कमी करा. जपानला जात असाल तर टेपने मोजा: लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर बॅग गेली, तर तोक्यो-ओसाका मार्गावरच्या बुलेट ट्रेनमध्ये (तोकाइदो शिन्कान्सेन) त्या बॅगेसाठी खास सीट आधी आरक्षित करावी लागते.

युरोपीय संघात गाडी 60 ते 119 मिनिटं उशिरा पोहोचली तर तिकिटाच्या 25 टक्के, 120 मिनिटं किंवा जास्त उशीर झाला तर 50 टक्के भरपाई मागता येते. टोकाचं हवामान वगैरे कारणं वगळून. त्यासाठी तिकीट प्रवास संपल्यावरही फेकू नका.