घरातल्यांचा बहात्तरचा दुष्काळ लिहून काढायचाय? मग असं करा

घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर बहात्तरच्या दुष्काळाचा विषय कधी ना कधी निघतोच, निघाला की आधी मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करा, बाकीचं नंतर. फक्त "तेव्हा काय झालं होतं" असं विचारू नका, त्यावर "लई हाल झाले बघ" एवढंच मिळतं. दुष्काळी कामावर खडी फोडायला घरातलं कोण कोण जायचं, तान्हं पोर कामावर कुठं ठेवायचे, पगार कोणाच्या हातात पडायचा, असं बारीक विचारा. मग लाल मिलो, म्हणजे तेव्हा बाहेरून आलेली लाल ज्वारी, निघते, तिची भाकरी कशी घशाखाली उतरायची नाही ते निघतं, सुकडी, म्हणजे कामावर मिळणारा कोरडा खाऊ, निघते, आणि ऐकता ऐकता तास जातो.

तारखा मात्र आठवणीच्या भरवशावर लिहू नका. सगळे बहात्तर म्हणतात, पण पाऊस त्याच्या आधीची दोनेक वर्षंसुद्धा दगा देत होता, आणि दुष्काळी कामांवर सगळ्यात जास्त माणसं, जवळपास 50 लाख, होती ती 1973 च्या मे महिन्यात, म्हणजे आजी खडीचा जो उन्हाळा सांगते तो त्र्याहत्तरचाही असू शकतो. तिथल्या तिथं तिची चूक काढायला जाऊ नका, ती गप्प बसेल. "तेव्हा थोरला कितवीत होता?" असं विचारा आणि शाळेच्या जनरल रजिस्टरवरून वर्ष काढा.

आता कागद. सरकारी कागदात 'दुष्काळ' शोधाल तर हाती फार काही लागणार नाही, कारण 1963 मध्येच राज्याने कायदा करून तो शब्द काढला आणि 'टंचाई' आणला. टंचाई, आणेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज), हजेरीपट (कामावरच्या मजुरांची हजेरी) असं शोधा.

खरा माल असतो जुन्या सातबाऱ्यात आणि फेरफारात, म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडे गेली त्या नोंदीत, तलाठ्याकडे नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून नक्कल मिळते. समजा घरात पिढ्यानपिढ्या सांगतात की दुष्काळात भावकीनं रान लाटलं, आणि फेरफारात चक्क खरेदीखत, देणार म्हणून आजोबांचंच नाव. लगेच आजीला खोटं ठरवू नका राव! तो व्यवहार किती अडून झाला, बदल्यात किती पायली धान्य आलं, हे त्या नोंदीत कोण लिहितंय? आणि कागदही कोणीतरी कशासाठी तरी केलेला असतो, आणेवारी अधिकाऱ्याच्या अंदाजाने ठरायची, हजेरीपटावर कामावर न आलेल्यांची नावं घुसडल्याच्या तक्रारी तेव्हाही होत्या.

म्हणून लिहिताना दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, "आजी सांगते" आणि "फेरफारात असं आहे", मधे आपल्या मनाचे संवाद घालू नका. जुळत नाही तिथं जुळत नाही असंच लिहा, माझ्या मते तोच भाग वाचायला सगळ्यात भारी होतो. दोघांशी वेगवेगळं बोला, कारण आजोबांना बंडिंगचं (बांध घालायचं) काम आणि मुकादम आठवतो, आजीला पाण्याची खेप, आणि एकत्र बसवलं की आजोबाच बोलत राहतात.

आणि हो, जमिनीचा भाग फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आधी चुलत्यांना दाखवा, नाहीतर दिवाळीला फराळाऐवजी मोजणीची नोटीस यायची.