मूल गाडीत बसवताना : कारसीट आणि सीटबेल्ट नीट कसे लावावेत

दिवाळीत किंवा मे महिन्याच्या सुट्टीत इंदूरहून पुण्या-नाशिककडे निघण्यापूर्वी टायरमधील हवा तपासली जाते, डिकीतले सामान कसोशीने रचले जाते, आणि गाडीतला सर्वांत लहान प्रवासी मात्र आईच्या किंवा आजीच्या मांडीवर दिला जातो. इंदुरात रामबागेपासून लोकमान्य नगरापर्यंत बहुतेक मराठी घरांत हीच पद्धत आहे आणि तिच्यामागे मायाच आहे, परंतु अपघाताच्या क्षणी मायेने धरलेला हात पुरा पडत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर १० किलोंच्या बाळाला जागेवर धरून ठेवण्यासाठी साधारण १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. हा वेग सुमारे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडताना जमिनीवर आदळण्याच्या वेगाइतका आहे, आणि तो महामार्गावरचा नव्हे, शहरातल्या मोकळ्या रस्त्यावरचा वेग आहे. आईने स्वतःचा बेल्ट बाळासह दोघांभोवती लावणे तर त्याहून घातक आहे, कारण धडकेत बाळ बेल्ट आणि आईचे शरीर यांच्यामध्ये चिरडले जाते.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ ब नुसार, चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा बालसुरक्षा आसन न लावता गाडी चालवणाऱ्यास १००० रुपये दंड सांगितला आहे. मागच्या सीटवर बसणाऱ्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे, ही गोष्ट अनेकांना सप्टेंबर २०२२ मध्ये मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या अपघाती मृत्यूनंतरच प्रथम कळली.

कारसीट निवडताना मुलाच्या वयापेक्षा वजन आणि उंची पाहावी. सीटवरील लेबलवर एआयएस ०७२ हे भारतीय मानक किंवा ईसीई आर४४/०४ अथवा आर१२९ यांपैकी एखादे युरोपीय मानक छापलेले असावे. असे लेबल नसलेली सीट कितीही मऊ आणि देखणी असली तरी घेऊ नये. आर४४ मध्ये सीटची वर्गवारी वजनावर आहे : जन्मापासून १३ किलोंपर्यंत, ९ ते १८ किलो, १५ ते २५ किलो आणि २२ ते ३६ किलो. आर१२९ मध्ये ती प्रामुख्याने उंचीवर आहे.

तान्ह्या बाळाची सीट नेहमी गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून लावावी. नवजात बाळाचे डोके शरीराच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते, आणि मानेची हाडे अद्याप पूर्ण कठीण झालेली नसतात. समोरून धडक बसल्यास पुढे तोंड करून बसवलेल्या बाळाचे धड पट्ट्यांनी अडते, पण डोके पुढे फेकले जाऊन सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोके, मान आणि पाठ या तिन्हींना सीटची पाठ एकसारखा आधार देते. आर१२९ मानकाने पंधरा महिन्यांपर्यंत अशी बैठक सक्तीची केली आहे, आणि सीटची मर्यादा परवानगी देते तोवर ती चालू ठेवणे उत्तम. वर्षभराच्या मुलाचे पाय सीटच्या पाठीला टेकू लागले की घरातील मंडळी सीट फिरवण्याची घाई करतात. ती करू नये. मुले पाय दुमडून निवांत बसतात.

जागा मागच्या सीटवरचीच हवी. समोरच्या सीटवर एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेली कारसीट कधीही लावू नये, कारण एअरबॅग थेट बाळाच्या डोक्यामागील भागावर आदळते. मागे मधोमध तीन बिंदूंचा, म्हणजे खांदा आणि कंबर दोन्हींवरून जाणारा, बेल्ट असेल आणि कारसीट तेथे पक्की बसत असेल तर ती जागा चांगली. अन्यथा चालकाच्या विरुद्ध बाजूची, म्हणजे डावीकडची जागा घ्यावी, त्यामुळे मुलाला वाहत्या रस्त्यावर न उतरवता कडेला उतरवता येते.

आता सीट बसवण्याच्या प्रत्यक्ष कामाकडे वळू. आपल्याकडे नवी गाडी आली की आठवड्याभरात रेक्झिनची कव्हरे चढतात, आणि येथेच पहिली अडचण उभी राहते. आयसोफिक्स म्हणजे बेल्टविना कारसीट थेट गाडीला अडकवण्याची सोय; तिच्या दोन कड्या सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत असतात. कव्हर शिवणाऱ्याने त्या झाकून टाकलेल्या असतात, कधी तर बेल्टचे बकलही कव्हराखाली गडप झालेले असते. फटीत हात घालून कड्या शोधाव्यात, कव्हराला तेथे नीट छेद देऊन घ्यावा आणि गुळगुळीत कव्हरावर कारसीट सरकत असेल तर ते काढूनच टाकावे. आयसोफिक्सचे दोन्ही हात कड्यांत अडकताना खट् असा आवाज येतो, आणि बहुतेक सीटांवर लाल खूण जाऊन हिरवी दिसते. तेवढ्यावर थांबू नये. सीटला आधाराचा पाय असेल तर तो गाडीच्या तळाला भक्कम टेकवावा, आणि वरचा पट्टा, ज्याला टॉप टेदर म्हणतात, तो असेल तर गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या कडीलाच अडकवावा. डिकीत सामान बांधण्याच्या कड्या दिसायला तशाच असतात, पण त्या या कामाच्या नाहीत.

आयसोफिक्स नसेल तर गाडीच्या बेल्टनेही सीट तितकीच सुरक्षित लावता येते, फक्त मेहनत अधिक लागते. बेल्ट ज्या खाचांतून न्यायचा त्या सीटवर रंगाने दाखवलेल्या असतात. युरोपीय मानकाच्या सीटांवर बहुधा मागे तोंड असताना निळा मार्ग आणि पुढे तोंड असताना लाल मार्ग असतो. बेल्ट पीळ न पडू देता ओवावा, बकल लावावे, मग गुडघ्याने किंवा तळहाताने कारसीटवर भार देऊन ती गादीत दाबावी आणि त्याच वेळी बेल्ट ओढून घ्यावा; सीटला बेल्ट पकडून ठेवणारी चाप असेल तर ती याच क्षणी बंद करावी. त्यानंतर जेथून बेल्ट जातो तेथे सीट धरून डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवून पाहावी. ती अडीच सेंटिमीटरपेक्षा अधिक सरकली तर सगळे सोडून पुन्हा लावावे. ही तपासणी दर प्रवासाआधी करावी, कारण रस्त्यातील खड्डे आणि गादीची दबणी यांनी काल घट्ट असलेली सीट आज सैल झालेली असू शकते.

सीट घट्ट झाली, तरी मूल पट्ट्यांत सैल असेल तर सगळे व्यर्थ आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक हयगय येथेच होते. बाळाची पाठ आणि ढुंगण सीटला पूर्ण टेकवावे. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यावेत. पुढे तोंड असताना ते खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वरून यावेत. बकल लावून पट्टे ओढल्यावर खांद्याजवळच्या पट्ट्याची चिमूट घेण्याचा प्रयत्न करावा. बोटांत घडी धरता आली तर पट्टा सैल आहे, आणि बोटे नुसतीच घसरून गेली तर तो ठीक आहे. बाळाला दुपट्यात गुंडाळून पट्टे कधीही लावू नयेत, आणि इंदुरातील डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यातही जाड स्वेटर किंवा जॅकेट आधी काढावे, कारण धडकेत कापडातील हवा दबते आणि पट्टा आणि शरीर यांच्यात तेवढी मोकळी जागा होते. पट्टे घट्ट झाल्यावर दुपटे किंवा गोधडी वरून पांघरावी. उन्हाळ्यात, जेव्हा पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या गाडीतील बकलचा धातू मुलाला चटका देऊ शकतो. आधी स्वतःच्या हाताने तो पाहून घ्यावा. बंद गाडीत मुलाला दोन मिनिटांसाठीसुद्धा एकटे सोडू नये.

तान्ह्या बाळाची मान पुढे झुकली तर श्वास अडू शकतो, म्हणून सीटचा कल उत्पादकाने दाखवलेल्या खुणेप्रमाणे ठेवावा आणि दर दीड-दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर घ्यावे. धामणोद, सेंधवा, धुळे असे टप्पे निघण्याआधीच ठरवून ठेवले, तर भुकेल्या बाळाला चालत्या गाडीत पट्टे सोडून पाजण्याची वेळ येत नाही. बिजासन घाटात तर ती सूट मुळीच घेऊ नये.

पट्ट्यांच्या सीटची मर्यादा ओलांडल्यावर मूल थेट गाडीच्या बेल्टला जोगे होत नाही. मध्ये बूस्टर, म्हणजे गाडीचा बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारे आसन, लागते, आणि शक्यतो पाठ असलेले. साधारण १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत, म्हणजे बऱ्याच मुलांच्या बाबतीत दहा-बारा वर्षांपर्यंत, ते वापरावे. बूस्टर सोडण्याआधी मुलाला गाडीच्या सीटवर बसवून पाहावे : पाठ पूर्ण टेकलेली असताना गुडघे सीटच्या कडेवरून सहज वाकतात का, खालचा पट्टा मांड्यांच्या वरच्या भागावर, ओटीपोटाच्या हाडावर बसतो का, वरचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून जातो का, आणि मूल प्रवासभर तसेच बसू शकते का. पट्टा पोटावर चढला तर धडकेत आतडी आणि कणा यांना इजा होऊ शकते. मानेला घासतो म्हणून खांद्याचा पट्टा काखेखालून किंवा पाठीमागून घेण्याची मुलांची सवय लगेच मोडावी. बेल्ट लावल्याचे भासवून इशाऱ्याचा आवाज बंद करणाऱ्या क्लिपा गाडीत ठेवूच नयेत, आणि सनरूफमधून मुलांना उभे करणे कोणत्याही वेगात चालवून घेऊ नये.

आजी-आजोबांना हा सगळा खटाटोप बाळाला डांबून ठेवल्यासारखा वाटतो. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी त्यांना पट्ट्याची चिमूट घेऊन दाखवावी आणि प्रवासापूर्वीची ती तपासणी त्यांच्याकडेच सोपवावी. नातवाच्या सुरक्षिततेत आपला हात लागला की त्यांचा विरोध बहुधा मावळतो. रडण्याचा प्रश्नही सवयीने सुटतो. पहिल्या दिवसापासून गाडी सुरू होण्याचा अर्थ पट्टे लागणे असाच असेल, तर मूल तो नियम म्हणून स्वीकारते. एकदा मांडीवर घेतले की पुढच्या वेळी त्याची तीच मागणी असते.

नात्यातून मिळालेली जुनी सीट वापरायची असल्यास तिची मुदत, लेबल आणि सर्व भाग पाहावेत. मुदत बहुधा मागच्या किंवा खालच्या प्लॅस्टिकवर कोरलेली असते. अपघातात सापडलेली सीट बाहेरून धड दिसली तरी वापरू नये. पट्टे ओल्या कापडाने पुसावेत. ते तीव्र साबणात भिजवू नयेत किंवा इस्त्री करू नयेत, कारण त्यामुळे धागे कमकुवत होतात.

भाड्याच्या गाडीने उज्जैन-ओंकारेश्वरला जातानाही हेच सर्व लागू आहे. गाडी ठरवतानाच मागचे बेल्ट चालू आहेत का आणि बकल कव्हराखाली गेलेले नाहीत ना, हे विचारून घ्यावे, आणि बेल्टने बसणारी आपली सीट सोबत न्यावी. निघण्याच्या वेळेआधी दहा मिनिटे गाडी बोलावली, की ती घाई न करता लावता येते.