एनबीएची फाईल एका रात्रीत होत नाही: या चुका टाळा

एनबीए म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन, इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांना तपासून मान्यता देणारी संस्था. गेली काही वर्षं मला इंजिनिअरिंग कॉलेजांत मॉक व्हिजिटला बोलावतात. खरी कमिटी यायच्या आधी कोणीतरी बाहेरच्याने येऊन खोट काढावी, ही अपेक्षा. त्याआधी स्वतःच्या विभागाची एनबीए मी तीन वेळा केली आहे, एकदा चांगलंच तोंडावर आपटूनही. आता कुठल्याही कॉलेजात गेलो तरी तेच दृश्य दिसतं: चहाचे कप, झेरॉक्सचे गठ्ठे, डोळे तांबारलेला एक तरुण कोऑर्डिनेटर, आणि त्याच त्याच चुका.

सगळीकडे ३ भरणं

हा माझा दुखरा भाग आहे, म्हणून आधी हाच.

सीओ-पीओ मॅपिंगचा तक्ता तुम्हाला ठाऊक असेल. सीओ (कोर्स आउटकम) म्हणजे एक विषय शिकून मुलाला काय यायला हवं, पीओ (प्रोग्राम आउटकम) म्हणजे पूर्ण पदवीअंती काय यायला हवं. विषयाचे चार-सहा सीओ आडव्या ओळींत, पीओ उभ्या रकान्यांत, आणि संबंध किती घट्ट आहे त्याप्रमाणे १, २, ३ किंवा नुसती आडवी रेघ. आता यात गोम अशी की बहुतेक ठिकाणच्या एक्सेलमध्ये सीओचं अटेनमेंट (तो किती साध्य झाला त्याचा आकडा) गुणिले मॅपिंग भागिले तीन, असं सूत्र असतं. समजा सीओचं अटेनमेंट २.१ आलं. मॅपिंग ३ असेल तर पीओच्या खात्यात २.१ जमा. मॅपिंग १ असेल तर फक्त ०.७. हे गणित ज्याला पहिल्यांदा कळतं तो दुसऱ्या दिवशी सगळ्या विभागाला सांगतो, 'सर, मॅपिंग वाढवा.' मग रेघा जातात, एकाचे दोन होतात, दोनाचे तीन.

एका कॉलेजात मॅथ्स-३ च्या तक्त्यात 'पर्यावरण आणि शाश्वतता' या रकान्यात सहाच्या सहा सीओंना ३ होते. मी शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं, लाप्लास ट्रान्सफॉर्मने पर्यावरणाचं काय भलं होतं? बिचाऱ्या म्हणाल्या, 'सर, मला तक्ता भरूनच आला होता.' चूक त्यांची नव्हती. पण खऱ्या कमिटीतला एक्स्पर्ट हाच प्रश्न विचारतो आणि त्याला उत्तर लागतं. शिवाय तो तुमचे इन-सेमचे (सत्रातल्या परीक्षेचे) पेपर मागतो. ज्या पीओला ३ दिलेत त्याचा एकही प्रश्न पेपरात नसला की पुढे बोलण्यासारखं काही राहत नाही.

माझी सवय उलटी आहे. आधी गेल्या दोन वर्षांचे प्रश्नपत्रिका, असाइनमेंट आणि प्रॅक्टिकलची यादी समोर ठेवतो. मग तक्ता. प्रत्येक आकड्यामागे एक वाक्य लिहायचं: हा ३ का? वाक्य सुचलं नाही, की रेघ. सगळे पीओ एकाच विषयाने पेलायचे नसतात. समाज, पर्यावरण, नीतिमत्ता हे प्रोजेक्टमधून, इंटर्नशिपमधून, सेमिनारमधून येऊ द्या. आणि तरीही एखादा पीओ कोरडाच राहिला तर ती तुमच्या अभ्यासक्रमातली फट आहे. विद्यापीठाचा सिलॅबस आपल्या हातात नाही, पण ती फट बुजवायला तुम्ही जे घेता (एखादं सत्र, साइट व्हिजिट, जादाचं प्रॅक्टिकल) त्यालाच सेल्फ असेसमेंट रिपोर्टमध्ये (विभागाने एनबीएला द्यायच्या अहवालात) जागा आहे. ३ भरून फट झाकली की ते दाखवायची सोयही गेली.

हेच अटेनमेंटचं. टार्गेट इतकं खाली ठेवतात की सगळं हिरवंगार. मग 'सतत सुधारणा' या निकषात लिहिणार काय? सुधारायला काही उरलंच नाही! एका वर्षी माझ्याच विभागात थर्मोचं अटेनमेंट टार्गेटच्या खाली होतं. विभागप्रमुख म्हणाले, टार्गेट कमी कर. मी नाही केलं. ट्युटोरियलचे तास वाढवले, पुढच्या वर्षी आकडा थोडा वर आला, आणि कमिटीने सगळ्यात जास्त वेळ त्या एका पानावर घालवला. चांगल्या अर्थाने.

मागच्या तारखेचे मिनिट्स

ही गोष्ट माझ्या आधीच्या कॉलेजातली, मी नवखा होतो तेव्हाची. कमिटी शुक्रवार ते रविवार येणार होती. आदल्या सोमवारी लक्षात आलं की प्रोग्राम असेसमेंट कमिटीच्या तीन वर्षांच्या मिनिट्सची, म्हणजे इतिवृत्तांची, फाईलच नाही. मीटिंग झाल्या नव्हत्या असं नाही. विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये चहा पिता पिता सगळे निर्णय व्हायचे, रिमेडियल क्लास कोणी घ्यायचे, कुठलं प्रॅक्टिकल बदलायचं. फक्त लिहून कोणी ठेवलं नव्हतं.

मग दोन रात्री बसून आम्ही आठ मीटिंगा 'घेतल्या'. मी टाईप करत होतो. बुधवारी रात्री एकच निळं जेल पेन टेबलाभोवती फिरलं आणि सगळ्यांनी आठही ठिकाणी सह्या केल्या. फाईल कशी दिसत होती म्हणून सांगू! अनुक्रमणिका, टॅब, पारदर्शक कव्हर.

आमच्या विभागाला आलेल्या दोघांपैकी एक एक्स्पर्ट वयाने मोठे, मोजकंच बोलणारे. लॅबमध्ये फिरताना ते एका मॅडमशी सहज बोलले. घर कुठे, मुलं किती. मॅडम हसून म्हणाल्या, एक मुलगी, आत्ताच ऑगस्टमध्ये दोन वर्षांची झाली. सर 'वा' म्हणाले आणि पुढे गेले. तासाभराने त्यांनी मिनिट्सची फाईल मागवली. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधल्या मीटिंगला त्याच मॅडम हजर होत्या, सही होती, आणि एका ठरावाला अनुमोदनही त्यांचंच. सरांनी शांतपणे मस्टर मागवला. मस्टरमध्ये त्या महिन्यात त्यांच्या नावापुढे लाल शाईत 'प्रसूती रजा'.

ते कोणावर ओरडले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी प्रत्येक फाईल दुसऱ्या फाईलशी ताडून पाहिली. आमचे रिमेडियल क्लास खरे होते. हजेरीचे कागद खरे, खडूने माखलेले, मुलांच्या वाकड्यातिकड्या सह्यांचे. त्यांच्यावरही कोणाचा विश्वास बसेना. खोटा कागद एकटा बुडत नाही, शेजारच्या खऱ्यालाही घेऊन जातो. १००० पैकी ६०० गुण लागतात तीन वर्षांच्या मान्यतेला, आणि ७५० लागतात सहा वर्षांच्या. आम्ही सहाचे पेढे मनात वाटून मोकळे झालो होतो. मिळाली तीन वर्षं.

तेव्हापासून माझ्याकडे एक जाड रजिस्टर असतं. पानांवर छापील आकडे असलेलं, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं तसलं. मीटिंग संपायच्या आत हाताने पाच ओळी: तारीख, कोण होतं, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. सह्या तिथल्या तिथे, ज्याच्या त्याच्या पेनाने. अक्षर घाणेरडं असलं तरी चालतं. मध्ये पान घुसवता येत नाही, हीच त्याची किंमत.

आणि मिनिट्स नसतीलच तर? नाहीत म्हणून सांगा. त्या काळातले ईमेल, विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे मेसेज, बदललेलं टाइमटेबल, सूचनाफलकावरची नोटीस, जे आहे ते लावा. थोडे गुण जातील. जाऊ द्या.

जुना तक्ता, नवे आकडे

पूर्वी पीओ बारा होते, नव्या आराखड्यात अकरा आहेत. समाज आणि पर्यावरण हे दोन एकत्र झाले, म्हणजे त्यापुढच्या सगळ्यांचे नंबर एकेक पायरी सरकले. नीतिमत्ता आठवर होती, ती सातवर आली. लोक जुनं एक्सेल उचलतात, शेवटचा रकाना उडवतात आणि मोकळे होतात. मग टीमवर्कचं मॅपिंग संवादकौशल्याखाली आणि संवादकौशल्याचं प्रोजेक्ट मॅनेजमेंटखाली. दोन विभागांत हे डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि दोन्हीकडे कोऑर्डिनेटरने मला अभिमानाने सांगितलं की तक्ता 'अपडेट' केला आहे.

मित्राच्या कॉलेजातून आणलेल्या एक्सेलबद्दल तर बोलायलाच नको. एकदा लपवलेली शीट उघडली तर आत दुसऱ्याच कॉलेजचा निकाल, मुलांच्या नावांसकट. गैरहजर मुलाला शून्य धरायचं की मोजायचंच नाही, हेही त्या सूत्रात कोणीतरी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. स्वतःचं एक्सेल स्वतः करा. चार दिवस जातात, पण एक्स्पर्टने 'हा आकडा कुठून आला' विचारल्यावर तुम्ही त्या चौकोनावर बोट ठेवू शकता.

आकड्यांचं भांडण

एका तक्त्यात दुसऱ्या वर्षाची मुलं ६६, दुसऱ्यात ७२. कारण एकाने थेट दुसऱ्या वर्षाला आलेली डिप्लोमाची मुलं धरली, दुसऱ्याने नाही. चालू वर्ष, त्याआधीचं, त्याच्याही आधीचं, यात तर प्रत्येक निकषवाल्याचं पंचांग वेगळं. मी भिंतीवर एक कागद चिकटवतो: चालू वर्ष म्हणजे अमुक, मागचं म्हणजे तमुक. सगळे आकडे एका माणसाकडून, एकाच शीटमधून. एकच शिक्षक दोन विभागांच्या विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तरात मोजणारे महाभागही आहेत. दोन्ही विभागांचे एक्स्पर्ट जेवायला एकाच टेबलावर बसतात, एवढं लक्षात ठेवा.

आणखी काही, भरभर

नॅकचा मजकूर एनबीएत चिकटवू नका. नॅक संस्थेला जोखतं, एनबीए एकेका अभ्यासक्रमाला. दोघांचा जन्म १९९४ चा असला म्हणून जुळी भावंडं होत नाहीत.

प्रवेशाच्या फ्लेक्सवर 'वॉशिंग्टन कराराने मान्यताप्राप्त' छापण्याआधी थांबा. हा इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशादेशांत परस्पर मान्यता देणारा करार. भारत २०१४ मध्ये त्या कराराचा कायम सदस्य झाला खरा, पण तो लाभ टियर-१ म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांच्या विभागांतल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना आहे. संलग्न कॉलेजांना नाही.

मुलांकडून व्हिजन-मिशन पाठ करून घेऊ नका. चाळीस मुलं एका सुरात म्हणतात तेव्हा एक्स्पर्टला प्रार्थना चालू असल्यासारखं वाटतं. आणि लॅबच्या मामांना पढवायला जाल तर आमच्यासारखं होईल: 'पीओ म्हणजे काय?' 'परचेस ऑर्डर, सर.' त्यांच्या कामात तेच बरोबर आहे. त्यांना मशीन चालू करून दाखवता आलं पाहिजे, बस.

भिंतींना आदल्या दिवशी रंग देऊ नका. वास येतो.

माजी विद्यार्थी म्हणून गेल्याच वर्षी पास झालेली आणि अजून हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवणारी पाच पोरं आणून बसवू नका.

'सर, एकच महिना उरलाय'

हा फोन मला दर हंगामात येतो. पलीकडच्याला जादूची टेम्पलेट हवी असते, आणि मी नाही म्हटलं की आवाज पडतो. महिना उरला असेल तर जुन्या कागदांना हात लावू नका. चालू सत्राच्या कोर्स फाईली नीट करा, त्या अजून खऱ्या होऊ शकतात. रिपोर्टमधले आकडे एकदा आडवे, एकदा उभे ताडून पहा. चूक सापडली तर दुरुस्तीचा कागद स्वतःहून पहिल्या दिवशी कमिटीच्या हाती द्या. प्रत्येक शिक्षकाला त्याचा स्वतःचा तक्ता स्वतःच्या शब्दांत सांगता येतो का, ते विचारा. ज्याला येत नाही त्याच्यापाशी बसा.

आणि त्या तीन दिवसांत विभागाचा प्रिंटर कुलूपबंद केबिनमध्ये ठेवून किल्ली सगळ्यात आळशी माणसाकडे द्या. रात्री अकरा वाजता नवीन फाईल करायची कोणाला तरी हुक्की येतेच.