लेसर आणि इलेक्ट्रॉन बीमच्या छोट्या एक्स-रे सोर्सवर काम सुरू करताय? आधी टायमिंग शिका

इन्व्हर्स कॉम्प्टन सोर्सवर (लेसरची धडक वेगवान इलेक्ट्रॉनशी घडवून एक्स-रे काढणाऱ्या मशीनवर) पीएचडी करायचा विचार असेल त्यांच्यासाठी लिहितेय. मी पहिले सहा महिने नुसती थिअरी वाचली, ते वाया गेलं नाही, पण खरं काम काय असतं ते मशीनसमोर बसल्यावरच कळलं.

थिअरी तशी थोडक्यात सांगता येते. समोरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनवर आपटून लेसरचा फोटॉन उलटा फिरला की त्याची एनर्जी साधारण 4 गॅमा स्क्वेअर पट होते (गॅमा म्हणजे इलेक्ट्रॉनची एनर्जी त्याच्या रेस्ट एनर्जीच्या किती पट आहे तो आकडा). 25 एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनला गॅमा 49 च्या आसपास येतो, 800 नॅनोमीटरचा फोटॉन 1.55 ईव्हीचा, म्हणजे हातात येतात जवळपास 15 केईव्हीचे एक्स-रे. इथे अनड्युलेटरचं (मोठ्या मशीनमधे इलेक्ट्रॉनला नागमोडी हलवून एक्स-रे काढणाऱ्या चुंबकांच्या रांगेचं) काम लेसरच करतो, आणि त्याचा पिरियड सेंटीमीटरमधे नसून मायक्रॉनपेक्षा कमी असतो म्हणून जीईव्हीतला बीम लागत नाही. ग्रेनोबलच्या ईएसआरएफ या मोठ्या सिंक्रोट्रॉन एक्स-रे सोर्सची रिंग 844 मीटरची आहे आणि म्युनिकजवळ गार्खिंगला असाच कॉम्प्टन सोर्स एका लॅबमधे मावतो, 15 ते 35 केईव्ही देतो, मला अजूनही याचं अप्रूप वाटतं.

अडचण पुढे आहे. फोटॉन इलेक्ट्रॉनवर आपटायची शक्यता सांगणारा थॉमसन क्रॉस सेक्शन फक्त 0.665 बार्न. समजा इलेक्ट्रॉनच्या एका पुंजक्यात म्हणजे बंचमधे 100 पिकोकुलंब, लेसर पल्स 100 मिलीज्यूल आणि दोन्ही स्पॉट 20 मायक्रॉन आरएमएस धरले, तर पल्समधे 4 वर 17 शून्यं इतके फोटॉन असतात आणि त्यातून एक्स-रे निघतात साधारण 33 लाख, तेही सगळ्या दिशांचे मिळून आणि ओव्हरलॅप परफेक्ट असेल तर. दोन्ही स्पॉट दुप्पट झाले की हेच पाव उरतात. म्हणून सगळा जीव ओव्हरलॅपमधे आहे.

आमचा पहिला सिग्नल कित्येक दिवस मिळेचना. बीम पडला की चमकणाऱ्या यॅग स्क्रीनवर दोन्ही स्पॉट अगदी एकावर एक, स्कोपवर दोन्ही पल्स एकाच वेळी, तरी डिटेक्टरवर काही नाही. शेवटी केबल मोजल्या तर लेसरची पल्स टिपणाऱ्या फोटोडायोडची केबल मीटरभर लांब निघाली. कोॲक्सच्या एका मीटरला साधारण 5 नॅनोसेकंद लागतात, म्हणजे समोरासमोरची धडक फोकसपासून 75 सेंटीमीटर लांब होत होती, जिथे दोन्ही बीम फुगलेले असतात. त्यामुळे माझं कळकळीचं सांगणं, दोन्ही सिग्नल एकाच फोटोडायोडने आणि एकाच केबलवरून बघा, मग लेसरचा रस्ता कमी-जास्त करणाऱ्या डिले स्टेजने पिकोसेकंदाच्या स्टेप घ्या, 1 पिकोसेकंद म्हणजे प्रकाशाचा 0.3 मिलीमीटर रस्ता.

आणि डिटेक्टरवर काही दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका, लिनॅकमधून (इलेक्ट्रॉनला वेग देणाऱ्या सरळ ॲक्सिलरेटरमधून) भटकलेले इलेक्ट्रॉन पाइपला आपटूनही एक्स-रे देतात. लेसरचं शटर एका शॉटला उघडं, दुसऱ्याला बंद ठेवून फरक बघायचा. आम्ही असं केलं तेव्हा एका डिले पोझिशनला ग्राफवरच्या शटर उघडं आणि बंद अशा दोन ओळी वेगळ्या व्हायला लागल्या, पुढे सरकलो तर परत एक झाल्या, मागे आलो तर परत वेगळ्या, तेव्हा कुठे खात्री पटली.

पायथन आणि थोडं ऑप्टिक्स येत असेल तर सुरुवातीला पुरतं, आरएफ, म्हणजे इलेक्ट्रॉनला वेग देणाऱ्या रेडिओ लहरींचं काम, हळूहळू येतं. लेसर गॉगल आणि इंटरलॉकच्या (धोका असताना मशीन आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेच्या) बाबतीत मात्र घाई असली तरी एकदाही शॉर्टकट नको. ग्रुप निवडताना पेपर किती आहेत यापेक्षा तिथल्या स्टुडंटना विचारा की बीम आठवड्यात किती दिवस चालतो आणि मशीन चालवायला तुम्हाला स्वतःला बसू देतात का.