सिंथ कॉम्प्युटरला जोडताना या चुका टाळा

सिंथची (सिंथेसायझरची) पट्टी दाबली की कॉम्प्युटरवरच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये दिवा लुकलुकतो, ट्रॅकवर स्वरांच्या आडव्या रेघा उमटतात, पण स्पीकर गप्प. सिंथ नव्याने जोडणाऱ्यांची सगळ्यात जास्त दमछाक इथेच होते. बहुतेक वेळा वायरही ठीक असते आणि सिंथही. घोळ असतो तो मिडीलाच, म्हणजे वाद्य आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या निरोपांच्या भाषेलाच, आवाज समजण्यात.

मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही, आकडे जातात. मधली सी पट्टी दाबली की १४४, ६० आणि ९० असे तीन आकडे निघतात. १४४ म्हणजे पहिल्या चॅनेलवर (निरोपाच्या मार्गावर) स्वर सुरू करा, ६० हा त्या स्वराचा क्रमांक आणि ९० म्हणजे पट्टी किती जोरात दाबली ते. हा जोर १ ते १२७ मध्ये मोजतात. बोट उचललं की स्वर थांबवायचा निरोप जातो. एवढंच. या निरोपाचा आवाज करणारं कुणीतरी पुढे असावं लागतं. एकतर ट्रॅकवर चढवलेलं सॉफ्टवेअर वाद्य, नाहीतर सिंथ स्वतः. सिंथचाच आवाज हवा असेल तर त्याच्या ऑडिओ आउटपासून इंटरफेसपर्यंत (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या पेटीपर्यंत) वेगळ्या वायरी ओढाव्या लागतात.

म्हणून रेघा उमटतात पण आवाज नाही, अशा वेळी तीनच गोष्टी पाहा: ट्रॅकवर वाद्य चढवलंय का, ट्रॅकचं रेकॉर्ड बटण आणि मॉनिटरिंग (वाजवतानाच आवाज ऐकवणारी सोय) चालू आहे का, आणि त्या वाद्याचं चॅनेल सिंथच्या चॅनेलशी जुळतंय का. रेघाच उमटत नसतील तर दोष त्याच्या अलीकडे, म्हणजे वायर, पोर्ट किंवा ड्रायव्हरमध्ये (कॉम्प्युटरला यंत्राशी बोलू देणाऱ्या प्रोग्राममध्ये) आहे.

वायर आणि पोर्ट

फोनच्या चार्जरसोबत आलेली यूएसबी वायर वापरू नका. अशा काही वायरींमध्ये फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, डेटाच्या नसतात. सिंथला वीज मिळते, कॉम्प्युटरला मात्र तो दिसत नाही. सिंथच्या मागे दोन यूएसबी तोंडं असतील तर चौकोनी तोंड कॉम्प्युटरसाठी असतं, चपटं बहुधा पेन ड्राइव्हसाठी. पाच पिनांची मिडी वायर असेल तर सिंथचं आउट इंटरफेसच्या इनमध्ये जातं. इनला इन लावणं ही अगदी नेहमीची चूक आहे. यूएसबी-मिडी वायरींवर तर हमखास गोंधळ होतो, कारण काहींवर ‘इन’ लिहिलेलं टोक सिंथच्या आउटला लावायचं असतं. काहीच येत नसेल तर आधी टोकं अदलाबदल करून पाहा. त्याने काही बिघडत नाही.

सिंथ आधी सुरू करा, सॉफ्टवेअर नंतर. बरीच सॉफ्टवेअर्स उघडतानाच पोर्टची यादी घेतात. नंतर लावलेलं यंत्र त्यांना दिसत नाही. विंडोजवर आणखी एक अडचण येते: जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरमध्ये एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम वापरू शकतो. मागे दुसरं सॉफ्टवेअर किंवा ब्राउझरमधलं एखादं वाद्य उघडं राहिलं असेल, तर पोर्ट यादीत दिसतो पण उघडत नाही.

एकच पट्टी, दोन आवाज

स्वर जाड, पोकळ, जरासा फिरल्यासारखा ऐकू येतो आणि मोठे कॉर्ड धरले की आधीचे स्वर तुटतात. सिंथ बिघडलेला नाही, एकाच पट्टीने तो दोनदा वाजतोय. पट्टीचा निरोप एकदा आतूनच त्याच्या ध्वनिविभागाकडे जातो, आणि दुसऱ्यांदा कॉम्प्युटरमध्ये जाऊन, ट्रॅकमधून फिरून परत येतो. ६४ स्वरांची क्षमता असलेला सिंथ मग ३२ स्वरांतच संपतो.

उपाय सिंथच्या मिडी सेटिंगमध्ये आहे: लोकल कंट्रोल ऑफ करा. पट्ट्या आणि ध्वनिविभाग यांच्यातला आतला धागा त्याने तुटतो आणि फक्त कॉम्प्युटरमार्गे येणारा निरोप उरतो. पण हे लक्षात ठेवा, की लोकल ऑफ असताना कॉम्प्युटर बंद केला तर सिंथ मुका होतो. अशा वेळी दुरुस्तीला नेण्याआधी हे सेटिंग पाहा. काही मॉडेल्स बंद-चालू केल्यावर लोकल पुन्हा ऑन करतात, त्यामुळे दर वेळी तपासणं बरं. यूएसबी आणि पाच पिनांची वायर दोन्ही लावून दोन्ही पोर्ट चालू ठेवले, तरीही स्वर दुप्पट होतात. त्यातली एक काढा.

बोट आणि आवाज यांच्यातलं अंतर

या अंतराचा मोठा भाग साध्या भागाकारातून येतो. बफरमधले सॅम्पल भागिले सॅम्पल रेट. सॅम्पल म्हणजे आवाजाचा एक बारीक तुकडा, रेट म्हणजे सेकंदाला असे किती, आणि बफर म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी साठवून पुढे पाठवतो तो गठ्ठा. ४४,१०० च्या रेटवर १२८ चा बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे ११.६ आणि १,०२४ म्हणजे २३.२. त्यावर ड्रायव्हर आणि इंटरफेस आपली भर घालतात. वाजवताना १२८ किंवा २५६ ठेवा, मिक्सिंगला १,०२४. बफर फार खाली नेलात की टकटक, खरखर सुरू होते. मग एक पायरी वर या.

विंडोजवर बफर कमी करूनही फरक पडत नसेल, तर सॉफ्टवेअर बहुधा विंडोजच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालतंय. इंटरफेससोबतचा आसिओ (कमी उशीर लावणारा) ड्रायव्हर निवडा. मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे, लावलेला लिमिटर (आवाजाची कमाल मर्यादा राखणारा) किंवा लिनिअर-फेज इक्वलायझरही पुढचं पाहून काम करतो, म्हणून वेळ खातो. वाजवताना तो बंद ठेवा. आणि ब्लूटूथ हेडफोन वापरूच नका. तिथला उशीर हवेतल्या दुव्याचा असतो, बफर कितीही घटवला तरी तो जात नाही.

सिंथचाच आवाज रेकॉर्ड करताना

ही चूक फार फसवी आहे. हेडफोनच्या भोकातून एकच स्टिरिओ वायर काढून ती इंटरफेसच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये घालतात. बॅलन्स्ड इनपुट दोन तारांमधला फरक घेतं, म्हणजे डाव्यातून उजवा वजा करतं. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं नाहीसं होतं. बेस जातो, मधोमध असलेला पियानो जातो, उरते ती रिव्हर्बची (घुमण्याची) पातळ शेपटी. डाव्या आणि उजव्या आउटपासून दोन वेगळ्या मोनो वायरी घ्या, त्या लाइन इनपुटमध्ये लावा आणि एक स्टिरिओ ट्रॅक करा. एकच इनपुट मोकळं असेल तर डाव्या आउटवर मोनो लिहिलंय का पाहा आणि फक्त तेच वापरा.

माइकच्या इनपुटला सिंथ लावला तर आवाज फाटतो आणि फाटलेलं रेकॉर्डिंग नीट दुरुस्त होत नाही. सिंथचा व्हॉल्यूम पाऊण ठेवा. २४ बिटवर सर्वांत जोरकस जागा उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये येईल एवढाच गेन (इंटरफेसवरची आवाजाची वाढ) द्या.

माउस हलवला की बारीक किणकिण ऐकू येते? यूएसबी वायर उपसून पाहा. आवाज गेला तर तो ग्राउंड लूप आहे: यूएसबी आणि ऑडिओच्या तारांनी मिळून विजेचं एक वर्तुळ तयार केलंय. दोन्ही यंत्रं एकाच विजेच्या पट्टीवर घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (सिंथ आणि इंटरफेस यांच्यामध्ये लावायची छोटी पेटी) लावा, किंवा यूएसबीऐवजी पाच पिनांची मिडी वायर वापरा. तिच्या इन बाजूला निरोप कणाएवढ्या दिव्याच्या प्रकाशातून पलीकडे जातो, त्यामुळे त्या मार्गाने दोन यंत्रांचा विजेचा संबंध येत नाही. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. त्यात जिवाला धोका आहे.

किरकोळ, पण तासन्‌तास खाणाऱ्या गोष्टी

सस्टेन पेडल उलटं चालतंय, म्हणजे पाय उचलल्यावर स्वर लांबतात? बरेच सिंथ सुरू होताना पेडलची विश्रांतीची स्थिती वाचतात. पाय बाजूला ठेवून बंद-चालू करा. एखादा स्वर थांबतच नसेल तर सॉफ्टवेअरमधलं पॅनिक बटण (सगळे स्वर थांबवणारं) दाबा. गाणं सुरू होताच सिंथचा आवाज आपोआप बदलत असेल, तर ट्रॅकच्या सुरुवातीला प्रोग्राम चेंज (आवाज बदलण्याचा निरोप) रेकॉर्ड झालाय. इव्हेंटची यादी उघडून तो काढा. आणि सिंथवर सी४ दिसतो, सॉफ्टवेअरमध्ये सी३, याने घाबरू नका. दोन्ही क्रमांक ६० च आहेत, नावं ठेवण्याची रीत कंपनीगणिक वेगळी.

शेवटची चूक गाणं एक्सपोर्ट केल्यावरच कळते: फाइलमध्ये सिंथ नाहीच. ट्रॅकवर फक्त मिडी होती आणि आवाज बाहेरच्या यंत्रातून येत होता, मग फाइलमध्ये तो येणार कुठून? सिंथचं मिडी वाजू द्या, त्याच वेळी ऑडिओ ट्रॅकवर त्याचं आउट रेकॉर्ड करा, आणि तो ट्रॅक नीट ऐकून मगच एक्सपोर्ट करा. मिडीचा ट्रॅक म्यूट करून जपून ठेवा, चुकलेला स्वर सुधारायला तोच लागतो.